तिघांत दोघांनी 'हो' म्हटलं तरच घंटा!

दोस्तांनो, पालघर-बोईसरच्या बाजूला रेल्वेच्या रुळांलगत राहणाऱ्या मुलांना हे सांगायलाच नको. लांब पल्ल्याची गाडी धडधडत गेली की खिडकीची तावदानं थरथरतात, मांडणीवरची भांडी किणकिणतात. तारापूर एमआयडीसीच्या रस्त्यावरून जड ट्रक गेला तरी तेच. घरातलं कुणी मान वर करूनसुद्धा बघत नाही. "गाडी गेली," एवढंच म्हणतात.

पण नोव्हेंबर २०१८ पासून याच जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भांडी वाजली की लोक दचकून उठू लागले. धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे लहान-मोठे धक्के सुरू झाले आणि ते महिनोन्महिने येत राहिले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. लोक घराबाहेर धावले आणि त्या धावपळीत पडून एका लहानग्या मुलीचा जीव गेला. कित्येक कुटुंबांनी त्या थंडीत तंबूंत आणि उघड्यावर रात्री काढल्या.

आता एक कोडं. भांडी वाजली. गाडी गेली की भूकंप आला? माणसाला हे चटकन कळत नाही. मग यंत्राला कळेल का? आणि तुमच्या तळहातावर मावणाऱ्या एका चिमुकल्या कम्प्युटरला आपण ते शिकवू शकू का?

चला, प्रयत्न करून बघू. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. आपण बनवणार आहोत ते प्रयोगाचं यंत्र आहे. खऱ्या भूकंपात त्याच्या भरवशावर राहायचं नाही. पण ते बनवताना जी युक्ती आपण शिकू, तीच युक्ती तारापूरच्या अणुवीज केंद्रातही वापरली जाते, बरं का!

पाच बाय चार सेंटीमीटरचा कम्प्युटर

त्या चिमुकल्या कम्प्युटरचं नाव मायक्रोबिट. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये अकरा-बारा वर्षांच्या सुमारे दहा लाख मुलांना तो फुकट वाटला गेला. त्यात पुढाकार होता बीबीसीचा. हो, तीच बातम्यांची बीबीसी! याच बीबीसीच्या नावाचा एक मोठा कम्प्युटर त्याआधी आपल्याकडेही आला होता. १९८४ मध्ये 'क्लास' नावाच्या सरकारी योजनेतून निवडक शाळांना 'बीबीसी मायक्रो' मिळाले होते. तेव्हा शाळेत असलेल्या एखाद्या काका-मावशींना विचारून बघा, कदाचित त्यांनी त्यावर हात चालवलाही असेल.

मायक्रोबिट म्हणजे साधारण पाच सेंटीमीटर लांब आणि चार सेंटीमीटर रुंद अशी एक पट्टी. तिच्यावर २५ बारीक लाल दिवे असतात, पाच ओळी आणि प्रत्येक ओळीत पाच. दोन्ही बाजूंना एकेक बटण, ए आणि बी. खालच्या कडेला तारा अडकवायला मोठी भोकं, त्यांतल्या तिघांना ०, १, २ असे नंबर. पेन्सिल सेलची जोडी लावली की तो चालतो. आपला प्रोग्रॅम घरच्या किंवा शाळेच्या कम्प्युटरवर लिहायचा आणि केबलने त्यात उतरवायचा. मग केबल काढली तरी त्याला शिकवलेलं तो विसरत नाही.

याच्या पोटात आणखी एक वस्तू दडलेली असते. तिचं नाव ॲक्सेलरोमीटर, म्हणजे त्वरण मोजणारा सेन्सर. नाव अवघड आहे, पण काम सोपं. डहाणू लोकलमध्ये तुम्ही कडी धरून उभे आहात. गाडीने ब्रेक लावला की तुमचं अंग पुढे झुकतं. किती झुकलं यावरून, डोळे मिटलेले असले तरी, ब्रेक हळू लागला की जोरात, हे तुम्हाला कळतं. त्या सेन्सरमध्ये असंच एक सूक्ष्म वजन बारीक स्प्रिंगांवर टांगलेलं असतं. पट्टी हलली की ते वजन मागे-पुढे सरकतं आणि किती सरकलं त्याचा एक आकडा तयार होतो.

गंमत म्हणजे पट्टी टेबलावर शांत पडलेली असली तरी हा आकडा शून्य नसतो. तो हजाराच्या आसपास असतो. कारण? पृथ्वी त्या वजनालाही खाली ओढतच असते ना! म्हणजे हजार हा गुरुत्वाकर्षणाचा आकडा. टेबलाला धक्का बसला की तो वरखाली उड्या मारू लागतो.

आकडा सांगणं वेगळं, निर्णय घेणं वेगळं

इथे पुष्कळ जणांचा घोटाळा होतो. त्यांना वाटतं, सेन्सर लावला की यंत्राला 'कळतं'. छे! सेन्सर फक्त आकडा सांगतो. १०१२, ९९८, १०७०, १००५... बस्स. यातला भूकंप कोणता आणि मांजराची उडी कोणती, हे त्याच्या गावीही नसतं. ते ठरवायचं तुम्ही.

बटणापासून अणुभट्टीपर्यंतचं असं कोणतंही यंत्र तीनच कामं करतं. पहिलं, मोजायचं. दुसरं, ठरवायचं. तिसरं, करायचं. मोजायला सेन्सर आहे. करायला दिवा, घंटा किंवा मोटर आहे. मधलं 'ठरवायचं' हे काम म्हणजे तुमचा प्रोग्रॅम. सगळी डोकेफोड तिथेच आहे.

सगळ्यात साधा प्रोग्रॅम असा: शांत असतानाचा आकडा लक्षात ठेवा. नवा आकडा त्यापासून ७५ पेक्षा जास्त दूर गेला तर घंटा वाजवा. या ७५ला आपण उंबरठा म्हणू. उंबरठा ओलांडला की घंटा.

पण ७५ का? ५० का नाही? ३०० का नाही? इथे आपल्या हाती वही आली पाहिजे. बोर्ड टेबलावर ठेवा आणि एकेक गोष्ट करून आकडा लिहा. दार आपटलं, किती? धाकटा भाऊ टेबलाजवळून पळाला, किती? बाहेरून ट्रक गेला, किती? तुमच्या घरचे आकडे शेजारच्या घरच्या आकड्यांसारखे येणार नाहीत. फरशीवरचं टेबल, लाकडी माळा, कुडाची भिंत, प्रत्येक जागेचं हलणं वेगळं. म्हणून उंबरठा पुस्तकात शोधायचा नसतो, मोजून ठरवायचा असतो.

लांडगा आला रे आला

उंबरठा खाली ठेवला, समजा २०, तर काय होईल? ट्रक गेला, घंटा. दार लागलं, घंटा. ताई नाचली, घंटा. पहिल्या दिवशी सगळे धावतील. दुसऱ्या दिवशी वैतागतील. तिसऱ्या दिवशी आजी सेल काढून डब्यात ठेवून देतील! 'लांडगा आला रे आला' ओरडणाऱ्या पोराची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. लांडगा खरंच आला तेव्हा कुणी आलं नाही.

बरं, उंबरठा खूप वर ठेवला, समजा ८००, तर? घंटा एकदम शांत. इतकी शांत की खरा धक्का आला तरी ती शांतच राहील.

म्हणजे चुका दोन प्रकारच्या. एक खोटी हाक, आणि दुसरी हुकलेली हाक. उंबरठा खाली आणला की पहिली वाढते, वर नेला की दुसरी वाढते. आणि खोटी हाक म्हणजे नुसता त्रास, असं समजू नका. मघाशी वाचलंत ना? घाबरून पळण्यातही जीव जाऊ शकतो. अर्ध्या रात्री विनाकारण वाजलेली घंटा माणसांना अंधारात जिन्यावरून पळायला लावू शकते.

मग दोन्ही चुका एकाच वेळी कमी करता येतील का? एकाच सेन्सरचा उंबरठा वरखाली करून हे जमत नाही. युक्ती वेगळी आहे.

तिघांची पंचायत

एकाऐवजी तीन सेन्सर लावा. आणि नियम करा, तिघांपैकी निदान दोघांनी 'हो' म्हटलं तरच घंटा!

एवढ्याने काय फरक पडणार? चला, हिशेब करू. समजा आपला प्रत्येक सेन्सर दहातून एकदा चुकतो, म्हणजे हजारातून १०० वेळा. एकटा असेल तर १०० चुका. आता तिघे आहेत. चूक व्हायला निदान दोघे एकाच वेळी चुकायला हवेत. पहिला आणि दुसरा चुकला, तिसरा बरोबर: हजारात ९ वेळा. अशा जोड्या तीन, म्हणून २७. तिघेही चुकले: हजारात १ वेळा. एकूण २८. शंभरावरून अठ्ठावीस! आणि ही घट खोट्या हाकेलाही लागू आहे आणि हुकलेल्या हाकेलाही.

'कुणी एकाने हो म्हटलं तरी घंटा' असा नियम केला असता तर खोट्या हाका हजारात २७१ झाल्या असत्या. 'तिघांनीही हो म्हणायलाच हवं' असा नियम केला असता तर हुकलेल्या हाका २७१ झाल्या असत्या. हे आकडे कसे आले, ते मोठ्या वर्गातल्या मुलांनी स्वतः काढून बघावेत.

पण थांबा, यात एक मेख आहे. हा हिशेब तेव्हाच खरा, जेव्हा तिघे आपापले स्वतंत्रपणे चुकतात. तिन्ही बोर्ड एकाच टेबलावर ठेवलेत आणि टेबलाला लाथ बसली, तर तिघेही एका सुरात 'हो' म्हणतील! मग ती पंचायत कसली? म्हणून एक बोर्ड शाळेच्या फाटकाजवळ, एक प्रयोगशाळेत, एक मैदानाच्या पलीकडच्या टोकाला. ट्रक गेला तर फाटकाजवळचा हलेल, बाकीचे दोघे शांत. जमीनच हलली तर तिघेही हलतील. मायक्रोबिटमध्ये छोटा रेडिओ असतो, त्यामुळे मोकळ्या जागेत काही मीटर अंतरावरून हे बोर्ड एकमेकांशी बिनतारी बोलू शकतात.

आता तारापूरला जाऊ. तिथलं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं. पुढे तिथे प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या आणखी दोन अणुभट्ट्या आल्या. चौथी भट्टी २००५ मध्ये आणि तिसरी २००६ मध्ये वीज विकू लागली. (हो, चौथी आधी!) अशा भट्टीत न्यूट्रॉन किती, दाब किती, तापमान किती, हे सारखं मोजलं जातं. भट्टी बंद पाडणारी महत्त्वाची मोजमापं तिहेरी असतात. तीन स्वतंत्र वाटांनी ती येतात आणि तिघांपैकी दोन वाटांनी 'धोका' म्हटलं की भट्टी आपोआप बंद होते. एका सेन्सरने उगाच ओरड केली म्हणून हजारो घरांची वीज जात नाही आणि एक सेन्सर मुका झाला म्हणून धोका लपत नाही. शिवाय भट्टी चालू असतानाच एकेक वाट तपासताही येते.

भूकंपवालेही असंच करतात. पालघरचे धक्के सुरू झाल्यावर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राने या भागात भूकंपमापक यंत्रं बसवली. एक नव्हे, अनेक. भूकंप नेमका कुठे झाला हे शोधायलाच मुळी निदान तीन ठिकाणच्या नोंदी लागतात. आणि आई-बाबांच्या हातातला फोन? अँड्रॉइड फोनमध्ये मायक्रोबिटसारखाच त्वरण मोजणारा सेन्सर असतो. एका भागातले अनेक फोन एकाच वेळी हलले तर भूकंप असावा, असं ओळखणारी गूगलची योजना २०२० मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये भारतात आली. एकटा फोन हलला तर तो खिशातून पडला असेल!

तार तुटली तर?

आता आणखी एक प्रश्न, आणि हा फार कमी जणांना सुचतो. घंटा वाजत नाहीये. याचे अर्थ दोन. एक, सगळं ठीक आहे. दोन, तार तुटली आहे किंवा सेल संपला आहे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात! मग कळणार कसं?

युक्ती अशी. तार जोडलेली असेल तेव्हा 'ठीक', आणि जोड सुटला की 'धोका', असा उलटा नियम करायचा. म्हणजे उंदराने तार कुरतडली तरी घंटा वाजेल आणि आपण जाऊन बघू.

तारापूरच्या त्या ५४० मेगावॉटच्या भट्ट्यांत कॅडमियम धातूच्या दांड्या भट्टीच्या वर धरून ठेवलेल्या असतात. कॅडमियम न्यूट्रॉन शोषून घेतं, त्यामुळे दांड्या आत गेल्या की भट्टी थंडावते. या दांड्यांना वर धरून ठेवण्यासाठी वीज लागते, खाली पडायला काहीच लागत नाही! वीज गेली की पकड सुटते आणि दांड्या आपल्या वजनानेच आत पडतात. बिघाड झालाच, तर तो सुरक्षित बाजूला व्हावा, अशी ही रचना आहे.

तारापूर एमआयडीसीत काम करणारं कुणी घरात असेल तर त्यांना मशीनवरच्या लाल, छत्रीसारख्या बटणाबद्दल विचारा. संकटात मशीन थांबवायचं ते बटण. त्याच्या आतला जोड एरवी जुळलेला असतो आणि दाबल्यावर तुटतो. का, ते आता तुम्हीच त्यांना सांगू शकाल.

बटणाची खोडी

बटणाचं नाव निघालंच आहे तर त्याची एक खोडी सांगतो. तुम्ही बटण एकदा दाबता, पण आतल्या धातूच्या पट्ट्या एकमेकींवर आपटून क्षणभर उड्या मारतात. काही हजारांश सेकंदच, पण कम्प्युटर इतका चपळ की त्याला ते चार-पाच वेळा दाबल्यासारखं दिसतं. एकदा दाबलं आणि मोजणी पाचने वाढली, असं झालं तर घाबरू नका. पहिल्यांदा दाबल्याचं कळलं की सेकंदाचा विसावा भाग थांबा आणि मग पुन्हा बघा, असं प्रोग्रॅममध्ये लिहा. मायक्रोबिटच्या ए आणि बी बटणांची ही काळजी आतला प्रोग्रॅम आधीच घेतो. बाहेरून बटण जोडलंत तर मात्र ती तुमच्याकडे.

करून बघा

एकच बोर्ड असेल तर: ०, १, २ या तीन भोकांपासून तीन तारा काढा. प्रत्येक तारेचं दुसरं टोक 'जमीन' लिहिलेल्या भोकाला (जीएनडी) चिमट्याने जोडा. प्रोग्रॅममध्ये या तीनही ठिकाणांना 'पुल-अप' करा. याचा अर्थ, तार जोडलेली असेल तर ० वाचलं जाईल आणि सुटली तर १. तीन मित्रांच्या हातात एकेक तार द्या. ज्याला 'हो' म्हणायचंय त्याने चिमटा सोडायचा. प्रोग्रॅम एवढाच:

१. तिन्ही ठिकाणचे आकडे वाचा आणि बेरीज करा.
२. बेरीज २ किंवा ३ असेल तर दिव्यांवर मोठी फुली दाखवा.
३. बेरीज १ असेल तर कोणत्या तारेवर १ आहे, तिचा नंबर दाखवा.
४. बेरीज ० असेल तर एकच ठिपका दाखवा.
५. पुन्हा पहिल्यापासून.

शाळेत चार बोर्ड असतील तर: तीन पहारेकरी आणि एक सरपंच. पहारेकऱ्याचा प्रोग्रॅम:

१. हलण्याचा आकडा वाचा.
२. शांत आकड्यापेक्षा तो उंबरठ्याहून जास्त दूर असेल तर रेडिओवर आपला नंबर आणि 'हो' पाठवा.
३. दर पाच सेकंदांनी आपला नंबर आणि 'हजर' पाठवा.
४. पुन्हा पहिल्यापासून.

सरपंचाचा प्रोग्रॅम:

१. गेल्या दोन सेकंदांत ज्याचा 'हो' आला, त्याचं एक मत धरा.
२. पंधरा सेकंदांत ज्याची हजेरी लागली नाही, त्याचंही 'हो' धरा आणि त्याचा नंबर दाखवा.
३. दोन किंवा जास्त मतं झाली तर घंटा वाजवा.
४. ए बटण दाबलं तर घंटा थांबवा.
५. पुन्हा पहिल्यापासून.

झालं की फाटकाजवळच्या बोर्डाजवळ उड्या मारा. मग तिघांजवळ तीन जणांनी एकदम मारा. मग एका पहारेकऱ्याचा सेल काढून ठेवा. प्रत्येक वेळी काय होईल ते आधी वहीत लिहा आणि मग बघा. उत्तर चुकलं तर कम्प्युटरला दोष देऊ नका, तो बिचारा तुम्ही सांगितलं तेवढंच करतो.

पालकहो, आपल्या मुलांच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर तिथे अशी साधनं मिळण्याची शक्यता असते. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी नीती आयोगाने ही योजना २०१६ मध्ये सुरू केली. हा प्रयोग तीन व्होल्टवरच करायचा, भिंतीतल्या प्लगशी काहीही जोडू द्यायचं नाही, एवढी काळजी मात्र घ्या.

आणि आपला कोडं सोडवणारा कम्प्युटर? रोजचे बारीक धक्के त्याला जाणवणारही नाहीत, त्यासाठी फार नाजूक यंत्रं लागतात. भूकंप येण्याआधी दिवस सांगणं तर आजवर कुणालाच जमलेलं नाही. तेव्हा खरा धक्का जाणवला तर घंटेची वाट बघू नका. घरात असाल तर भक्कम टेबलाखाली शिरा, डोकं झाका, टेबलाचा पाय घट्ट धरा. बाहेर असाल तर भिंती आणि विजेच्या तारांपासून लांब, मोकळ्या जागेत थांबा. पळापळ नको.

आता शेवटचा प्रश्न तुमच्यासाठी. तीनऐवजी चार पहारेकरी ठेवले आणि दोघांनी 'हो', दोघांनी 'नाही' म्हटलं, तर सरपंचाने काय करावं? मित्रांशी भांडा, वहीत हिशेब मांडा आणि तुमचा नियम स्वतः ठरवा!